जनरल रजिस्टरमधील एक ओळ

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत एका मुलाचे नाव दाखल झाले. पुढे प्रतापसिंह हायस्कूल या नावाने प्रसिद्धीस आलेल्या या शाळेने ते रजिस्टर जपून ठेवले आहे. त्यातील १९१४ या अनुक्रमांकासमोर ‘भिवा रामजी’ हे नाव आढळते. हा भिवा म्हणजेच डॉ. बाबासाहेब आंबेडकर. महाराष्ट्र शासन २०१७ पासून ७ नोव्हेंबर हा दिवस ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून साजरा करते, तो याच नोंदीच्या आधारावर. ज्या हाताने ती ओळ लिहिली, त्याला हा मुलगा पुढे कोण होणार हे ठाऊक असण्याचे काहीच कारण नव्हते. त्या दिवशी आलेल्या इतर मुलांची नावे जशी लिहिली, तसेच हेही लिहिले गेले. तारीख मात्र लिहिली गेली. ती लिहिली नसती, किंवा ‘नोव्हेंबरात केव्हातरी’ अशा अंदाजाने लिहिली असती, तर आज राज्यभरातील शाळांना साजरा करण्यासाठी हा दिवस सापडला नसता.

स्मरणिकेत साधारणपणे इमारतींची, निकालांची, पाहुण्यांच्या भेटींची आणि बक्षिसांची छायाचित्रे असतात, आणि ती असावीतही. परंतु कार्यालयातील लोखंडी कपाटात जे जाडजूड, कापडी बांधणीचे जनरल रजिस्टर असते, त्याचे छायाचित्र कोणी काढत नाही. संस्थेचे काम कोणत्या प्रतीचे आहे, हे मात्र मला त्याच वहीत सर्वांत स्पष्ट दिसते. समारंभ चार तासांत आटोपतो. रजिस्टरमधील ओळ लिहिणाऱ्याच्या निवृत्तीनंतर आणि मृत्यूनंतरही साक्ष देत राहते.

या वहीचे रकाने आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहेत : अनुक्रमांक, विद्यार्थ्याचे संपूर्ण नाव, आईचे नाव, धर्म, जात-पोटजात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी व अक्षरी, पूर्वीची शाळा, प्रवेशाची तारीख, शाळा सोडल्याची तारीख, कारण आणि शेरा. यांतील ‘अंकी व अक्षरी’ या दोन शब्दांकडे लक्ष द्यावे. देवनागरीतील १ आणि ९ हे अंक घाईच्या हस्ताक्षरात एकमेकांसारखे दिसतात; ४ आणि ५ यांचीही गल्लत होते. म्हणून तारीख अक्षरांतही लिहावयाची. आकडा फसला तर शब्द सावरील, अशी ती योजना आहे. ज्या कोणी हा रकाना प्रथम आखला, त्याने चूक कोठे होते हे कामाच्या मेजावर बसूनच ओळखले असले पाहिजे.

साताऱ्याच्या त्या विद्यार्थ्याने पुढील आयुष्यात शब्दांची जी राखण केली, ती या संदर्भात अभ्यासण्यासारखी आहे. संविधान सभेने २९ ऑगस्ट १९४७ रोजी मसुदा समिती नेमली आणि बाबासाहेब तिचे अध्यक्ष झाले. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी सभेपुढे समारोपाचे भाषण करताना त्यांनी कामाचा हिशोब मांडला आहे. तो एखाद्या दक्ष लेखापालाने मांडावा तसा आहे. सल्लागार बेनेगल नरसिंग राव यांच्या मूळ मसुद्यात २४३ कलमे व १३ परिशिष्टे होती. मसुदा समितीने सभेपुढे ठेवलेल्या मसुद्यात ३१५ कलमे व ८ परिशिष्टे. अखेरच्या रूपात ३९५ कलमे व ८ परिशिष्टे. सदस्यांनी सुचविलेल्या दुरुस्त्या सुमारे ७,६३५. त्यांपैकी सभागृहात प्रत्यक्ष मांडल्या गेलेल्या २,४७३. सभेची एकंदर ११ अधिवेशने, १६५ दिवसांचे कामकाज, आणि त्यांतील ११४ दिवस केवळ मसुद्यावरील चर्चेचे.

या आकड्यांचा अर्थ नीट ध्यानी घ्यावयास हवा. मांडली गेलेली प्रत्येक दुरुस्ती वाचावी लागते, तिचा इतर कलमांवर काय परिणाम होतो ते तपासावे लागते, स्वीकारावी की नाकारावी याचे कारण सभागृहात उभे राहून सांगावे लागते. बाबासाहेबांनी हे काम मधुमेहाने प्रकृती पोखरलेली असताना केले. त्याच भाषणात त्यांनी श्रेयाचा वाटा बेनेगल राव यांना दिला, आणि त्याहूनही मोठा वाटा मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जी यांना दिला. अत्यंत गुंतागुंतीचा प्रस्ताव सोप्या व नेमक्या कायदेशीर भाषेत उतरविण्याची मुखर्जींची हातोटी दुर्मीळ असल्याचे त्यांनी सांगितले. मध्यरात्र उलटेपर्यंत बसणाऱ्या कर्मचाऱ्यांचाही उल्लेख केला. बारकाव्यांची किंमत जाणणारा माणूस बारकावे सांभाळणाऱ्यांना विसरत नाही, हे त्या भाषणात मला विशेष वाटते.

शब्दांच्या या राखणीची दोन उदाहरणे तर आपल्या दारातली आहेत. पहिले ‘मागासलेला’ या शब्दाचे. सरकारी नोकरीतील समान संधीच्या कलमात आरक्षणाची तरतूद कोणासाठी, यावर ३० नोव्हेंबर १९४८ रोजी चर्चा झाली. नागरिकांचा ‘कोणताही वर्ग’ असे शब्द ठेवले असते तर अपवादाने मूळ नियमच गिळून टाकला असता. म्हणून मसुदा समितीने ‘वर्ग’ या शब्दाआधी ‘मागासलेला’ हे विशेषण घातले. अनेक सदस्यांनी त्यावर टीका केली, हा शब्द संदिग्ध आहे असे म्हटले. बाबासाहेबांनी समितीची भूमिका समजावून सांगितली आणि शब्द टिकविला. एका विशेषणाचा हा प्रश्न होता. पुढे किती पिढ्यांची पोटे आणि पदव्या त्या विशेषणाला बांधल्या गेल्या, याची मोजदाद येथे करण्याचे प्रयोजन नाही.

दुसरे उदाहरण ‘आदिवासी’ आणि ‘अनुसूचित जमाती’ या शब्दांचे. जयपालसिंग मुंडा यांचा आग्रह ‘आदिवासी’ या शब्दासाठी होता. त्या आग्रहामागे स्वाभिमान होता, आणि नंदुरबार जिल्ह्यात राहणाऱ्या कोणासही तो समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. डिसेंबर १९४८ मध्ये बाबासाहेबांनी आपले कारण दिले : ‘आदिवासी’ ही सर्वसाधारण संज्ञा आहे, तिला निश्चित कायदेशीर मर्यादा नाही, ‘अनुसूचित जमाती’ म्हणजे यादीत नावे मोजून दिलेल्या जमाती. हक्कासाठी कोणी न्यायालयात गेला तर तो या शब्दात येतो की नाही, हे अंदाजावर राहता कामा नये. माझ्या मते येथे दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. जयपालसिंग शब्दाच्या सन्मानाकडे पाहत होते, बाबासाहेब त्याच्या पकडीकडे. लोकजीवनात ‘आदिवासी’ हा शब्द टिकला आणि कागदावर ‘अनुसूचित जमाती’ हा टिकला. आज दोन्हींची गरज भासते.

‘मोजून दिलेली नावे’ म्हणजे काय, हे महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींची यादी प्रत्यक्ष उघडली म्हणजे कळते. भिल्ल समूहाच्या नोंदीत भिल्ल, भिल्ल गरासिया, ढोली भिल्ल, डुंगरी भिल्ल, मेवासी भिल्ल, तडवी भिल्ल, भिलाला, पावरा अशी नावे येतात आणि शेवटी दोन शब्द येतात : ‘वसावा, वसावे’. गुजरातच्या हद्दीत जो वसावा, तोच अलीकडच्या गावांत वसावे. फरक एका मात्रेचा. यादी करणाऱ्यांनी ‘दोन्ही एकच, कळेल लोकांना’ असे म्हणून एक रूप गाळले नाही. तीच गोष्ट ‘गामित, गामटा, गावीत, मावची, पाडवी’ आणि ‘कोकणा, कोकणी, कुकणा’ या नोंदींची. ज्यांना ही यादी कंटाळवाणी वाटते, त्यांनी एकदा ती आपल्या आजोबांचे नाव शोधण्यासाठी वाचावी.

हा बारकावा अनाठायी नव्हता. संविधानाच्या ३४१ व ३४२ व्या कलमांनुसार या याद्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ठरतात आणि त्यांत फेरफार करण्याचा अधिकार केवळ संसदेला आहे. हलबा-कोष्टी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने २८ नोव्हेंबर २००० रोजी निर्णय दिला की, यादी जशी लिहिली आहे तशीच वाचावयाची. तिच्यात नसलेला शब्द अर्थाच्या ओघात तिच्यात आणता येणार नाही. त्या निर्णयाचे परिणाम अनेक कुटुंबांनी सोसले आहेत आणि त्यावर मते भिन्न असू शकतात. आपल्या विषयापुरते इतकेच लक्षात घ्यावे की, या कागदांच्या जगात ‘जवळपास बरोबर’ या शब्दप्रयोगाला काहीही मोल नाही.

आणि येथे आपण पुन्हा शाळेच्या कपाटापाशी येतो. महाराष्ट्रात अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० आणि अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० या तारखांच्या आधीचा पुरावा जात-पडताळणीत सर्वाधिक वजनाचा मानला जातो. तो पुरावा कोठे असतो? ज्यांच्याकडे जमीन नव्हती, त्यांचा सातबारा नसतो. कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूची नोंद सापडली तर सापडली. उरते ते आजोबा किंवा चुलत आजोबा ज्या प्राथमिक शाळेत दोन-चार वर्षे बसले, तेथील रजिस्टर. कोणा गुरुजीने १९३० किंवा १९४० च्या दशकात बोरूने वा टाकाने लिहिलेली ती ओळ आज वैद्यकीय महाविद्यालयाच्या दारात उभ्या असलेल्या नातीच्या हाती येते. पडताळणी समितीचे दक्षता पथक त्या शाळेत जाऊन मूळ वही पाहते. शाई एकसारखी आहे का, खाडाखोड आहे का, आधीच्या व नंतरच्या क्रमांकांशी ओळ जुळते का, हे तपासते. म्हणूनच जुने जाणते लिपिक चूक झाल्यास ती खरवडत नाहीत किंवा पांढऱ्या रंगाने झाकत नाहीत. चुकीच्या शब्दावर एकच रेघ ओढून तो वाचता येईल असा ठेवतात, वर योग्य शब्द लिहितात, मुख्याध्यापकांची आद्याक्षरे व तारीख घेतात. झाकलेली चूक संशय निर्माण करते. सहीनिशी दुरुस्त केलेली चूक स्वतःच पुरावा ठरते.

बौद्ध समाजाच्या दृष्टीने या वहीतील दोन लगतचे रकाने अधिकच नाजूक आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि हजारो पालकांनी मुलांची नावे घालताना अभिमानाने ‘बौद्ध’ असे सांगितले. काही ठिकाणी तो शब्द धर्माच्या रकान्यात गेला, काही ठिकाणी जातीच्या, आणि काही लेखनिकांनी जुन्या सवयीने ‘हिंदू महार’ असेच लिहून टाकले. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर राज्याने नवबौद्धांना सवलती दिल्या. परंतु केंद्राच्या अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश होण्यास १९९० साल उजाडले. या ३४ वर्षांच्या अंतरात ज्यांच्या नावापुढे दोन्ही रकाने नीट भरले गेले, धर्म बौद्ध आणि मूळ जात स्वतंत्र, त्यांची पुढची वाट तुलनेने सोपी झाली. ज्यांच्या बाबतीत एकच शब्द कोठेतरी टेकवला गेला, त्यांना मूळ जातीच्या पुराव्यासाठी दोन-दोन पिढ्या मागे जावे लागले.

येथे एक खरा पेच आहे आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. जी जात आपण टाकून दिली, ती मुलाच्या नावापुढे पुन्हा का लिहावी, असा प्रश्न एखादा बाप कार्यालयात विचारतो, तेव्हा तो चुकीचे बोलत नसतो. त्याला ‘नियम आहे’ एवढेच उत्तर देणारा लिपिक आपले काम अर्धेच करतो. दोन रकान्यांची कामे वेगळी आहेत, एक श्रद्धा सांगतो आणि दुसरा झालेल्या अन्यायाचा पुरावा सांभाळतो, हे जो खुर्चीवरून उठून, वही त्याच्यापुढे फिरवून समजावतो, तो खरा कामाचा माणूस. या कामाला पाच मिनिटे लागतात. ती पाच मिनिटे कोणत्याही अहवालात दिसत नाहीत.

नावांचीही अशीच कथा आहे. सातपुड्यातील भिल्ल-पावरा कुटुंबांत जन्मवारावरून नाव ठेवण्याची जुनी रीत आहे. रविवारचा दित्या, सोमवारचा सोम्या, बुधवारचा बुध्या, शनिवारचा थावऱ्या. शहरातून आलेल्या गुरुजींना ही नावे ओबडधोबड वाटत आणि ते सद्भावनेनेच दित्याचा आदित्य करून टाकीत. घरी, गावच्या मतदारयादीत आणि वनहक्काच्या दाव्यात मात्र दित्याच राहिला. मग ‘आदित्य आणि दित्या ही एकच व्यक्ती’ असे प्रतिज्ञापत्र करण्यासाठी तहसीलच्या फेऱ्या सुरू होतात. नाव सुधारणे हे शाळेचे काम नव्हे; जे सांगितले ते ऐकणे, पुन्हा उच्चारून खात्री करणे आणि तसेच लिहिणे हे तिचे काम. अहिराणी, भिली, पावरी, मावची बोलणाऱ्याच्या तोंडचा स्वर प्रमाण मराठीच्या कानाला वेगळा ऐकू येतो, म्हणून येथे कान अधिक तयार असावा लागतो.

जन्मतारखेचा विषय निघाला की सगळे हसतात. महाराष्ट्रातील एका मोठ्या पिढीचा जन्म १ जूनला झाला आहे! पालकांना तारीख सांगता येत नसे, शाळा जूनमध्ये सुरू होई, वय भरावे म्हणून गुरुजी १ जून लिहून मोकळे होत. परिणामी ३१ मे रोजी राज्यातील कार्यालयांत निरोपसमारंभांची एकच गर्दी उसळते. कारण महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. गंमत येथवर ठीक आहे. पण तारीख ज्यांच्या वर्षातच चुकली, त्यांना कोठे भरतीची वयोमर्यादा एका वर्षाने हुकली, कोठे शिष्यवृत्ती.

परंतु याच परिसरात दुसऱ्या प्रकारचे शिक्षकही होऊन गेले आणि त्यांची पद्धत शिकण्यासारखी आहे. आईला तारीख ठाऊक नसते, पण प्रसंग ठाऊक असतो. ‘सारंगखेड्याच्या यात्रेआधी झाला की नंतर?’ यात्रा दत्तजयंतीला, म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमेला सुरू होते. ‘भोंगऱ्या बाजार झाला होता का?’ तो होळीच्या आधीच्या आठवड्यात भरतो. ‘काठीच्या होळीला तू गेली होतीस तेव्हा हा पोटात होता की कडेवर?’ ‘ज्वारी कापणीला आली होती?’ ‘ऊसतोडीला सुरतेकडे निघालात तेव्हा रांगत होता का?’ असे चार प्रश्न विचारले की महिना हाती येतो. पंचांग उघडले की आठवडा. गावात त्याच सुमारास जन्मलेल्या दुसऱ्या मुलाच्या नोंदीशी ताडून पाहिले की वर्ष पक्के होते. ज्यांनी अशी तारीख काढली त्यांना कोणी तसे करण्याचा आदेश दिला नव्हता. १ जून लिहिणे सोपे होते आणि त्यात कोणी दोषही काढला नसता. काम आणि उत्तम काम यांच्यातील अंतर मला या चार प्रश्नांत दिसते.

आता तर काळ बदलला आहे, नोंदी संगणकावर आहेत, असे कोणी म्हणेल. योगायोग असा की, या बदलाची सुरुवातही आपल्याच जिल्ह्यात झाली. २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातील टेंभली येथे देशातील पहिल्या आधार क्रमांकांचे वाटप झाले. या बारा अंकी क्रमांकाची रचना मोठी मार्मिक आहे. त्यातील अखेरचा अंक हा आधीच्या अकरा अंकांवरून गणिताने काढलेला तपासणीचा अंक असतो. व्हेर्होफ नावाच्या डच गणितज्ञाने मांडलेल्या या रीतीमुळे एखादा अंक चुकीचा टाकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तर यंत्र तत्काळ ओळखते. आपल्या रजिस्टरमधील ‘अंकी व अक्षरी’ची ही गणिती भावंडेच म्हणावयाची. मात्र क्रमांकाला स्वतःची राखण करता येते. नावाला येत नाही. ‘पावरा’चे ‘पवार’ झाले तर कोणतेही यंत्र घंटा वाजवीत नाही. एक जमात यादीतून नाहीशी होते आणि एक वेगळेच आडनाव उभे राहते. शाळेच्या नोंदीत एक, आधारवर दुसरे, बँकेत तिसरे असे झाले की शिष्यवृत्तीची रक्कम अडते. संगणकाने चूक करण्याचा वेग वाढविला आहे. ती शोधणारे डोळे माणसाचेच लागतात.

हे डोळे तयार करण्याची आपल्या परंपरेत फार जुनी रीत आहे. बुद्धवचन शतकानुशतके लेखनाविना टिकले ते संगीतींमुळे, म्हणजे अनेकांनी एकत्र बसून म्हणण्यामुळे. एकाचा शब्द घसरला तर शेजारच्याच्या तो तत्काळ कानावर येई. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात श्रीलंकेत त्रिपिटक लिहून काढले गेले. एकोणिसाव्या शतकात ब्रह्मदेशाचा राजा मिंडोन याने मंडाले येथील कुथोडॉ पॅगोडाच्या आवारात ते ७२९ संगमरवरी शिलांवर कोरविले. त्यासाठी भिक्खूंनी हस्तलिखिते एकमेकांशी ताडून मजकूर निश्चित केला. १९५४ ते १९५६ या काळात यांगून येथे सहावी संगीती भरली, तेव्हाही ब्रह्मदेश, श्रीलंका, थायलंड, कंबोडिया, लाओस येथील पाठ शेजारी ठेवून शब्द न् शब्द पाहण्यात आला. ‘अप्पमाद’ या शब्दाचे आपण ‘बेसावध न राहणे’ असे भाषांतर करतो आणि तो ध्यानाच्या आसनापुरता राखून ठेवतो. दोन भिक्खू दोन पोथ्या घेऊन बसले आहेत, एक वाचतो आहे, दुसरा बोट ठेवून पाहतो आहे. अप्पमादाचे हेही रूप आहे. बाबासाहेबांची अखेरची रात्र आठवावी. ५ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीतील निवासस्थानी त्यांनी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथाची टंकलिखित प्रस्तावना व परिचय पुन्हा पाहण्यासाठी आपल्याजवळ ठेवावयास सांगितला होता. ग्रंथ १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला.

येथे एक गोष्ट स्पष्ट करावीशी वाटते. बारकाईने काम करणे आणि सुबक काम करणे यांत आपण गल्लत करतो. संविधानाची मूळ इंग्रजी प्रत प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी हाताने लिहिली, नंदलाल बोस व शांतिनिकेतनच्या कलावंतांनी तिची पाने सजविली आणि २४ जानेवारी १९५० रोजी सदस्यांनी तीवर सह्या केल्या. ती प्रत अप्रतिम आहे. परंतु ते हस्ताक्षर मोत्यासारखे आहे म्हणून कोणाला नोकरी मिळाली नाही. त्यातील शब्द नेमके आहेत म्हणून मिळाली. मोत्यासारख्या अक्षरात लिहिलेली चुकीची जन्मतारीख ही गिचमिड अक्षरातील बरोबर तारखेपेक्षा अधिक घातक असते, कारण तिच्यावर कोणी संशय घेत नाही.

निवासी शाळांतून बाहेर पडलेले विद्यार्थी पुढे परिचारिका, शिक्षक, तलाठी, वनरक्षक, वाहनचालक, यंत्रकामगार अशा नाना व्यवसायांत जातात. औषधाच्या मात्रेतील दशांशचिन्ह, फेरफाराच्या नोंदीतील गट क्रमांक, चाकाच्या नटाला दिलेला अखेरचा आटा, या साऱ्यांची जात एकच. ज्याच्या त्याच्या व्यवसायातील हा रकाना ज्याने त्याने ओळखावा.

पालकांसाठी मात्र काही व्यवहाराच्या गोष्टी नोंदविणे आवश्यक आहे. विशेषतः जे पालक दिवाळीनंतर कामासाठी गाव सोडतात आणि ज्यांचे शाळेत येणे वर्षातून एक-दोनदाच घडते, त्यांनी त्या दोन भेटींपैकी एकीत मुलाच्या जनरल रजिस्टरमधील ओळ वाचून दाखविण्याची विनंती करावी. वाचता येत नसेल तर मोठ्या मुलाला बरोबर आणावे आणि लेखनिकाने वाचलेले प्रत्येक अक्षर त्याला पाहू द्यावे. नाव, वडिलांचे नाव, आईचे नाव, आडनावाचा काना-मात्रा, धर्म, जात व पोटजात, जन्मस्थळ, आणि तारीख अंकी तसेच अक्षरी. हीच अक्षरे आधार कार्डावर व जातीच्या दाखल्यावर आहेत का, ते तीनही कागद शेजारी ठेवून पाहावे. मुलगा शाळेत शिकत आहे तोवर पुराव्यासह मुख्याध्यापकांकडे अर्ज देऊन, शिक्षण विभागाच्या मान्यतेने नोंद दुरुस्त होऊ शकते. शाळा सोडल्यानंतर केवळ उघड लेखनदोषच दुरुस्त होतो आणि त्यालाही फेऱ्या पडतात. अर्जाची पोच सही-शिक्क्यासह घ्यावी. आजोबा ज्या शाळेत शिकले तिचे नाव घरातील वृद्धांना आजच विचारून ठेवावे. ते सांगणारे फार दिवस राहत नाहीत, आणि कित्येक जुन्या शाळांची रजिस्टरे वाळवी व गळक्या छपराखाली आहेत. त्या ओळीची साक्षांकित प्रत गरज पडण्याआधीच काढून ठेवावी. आणि दहावीनंतर शाळा सोडल्याचा दाखला हाती पडला की तो घडी घालून खिशात ठेवू नये. तेथेच, कार्यालयाच्या खिडकीपाशी उभे राहून, पहिल्या ओळीपासून अखेरच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचावा. मागे रांग असली तरी.